फक्त ओटीपीपुरता नंबर

“दादा, असा नंबर भेटल काय, ज्याच्यावर फक्त ओटीपी येते? कॉल-बिल काही नको.” मे महिन्यातली दुपार, नागपुरात बर्डीवरच्या एका मोबाइलच्या दुकानात कानावर पडलेला हा प्रश्न. विचारणारी कॉलेजची मुलगी होती. पेपर संपलेले, खोली सोडायची, आणि दोन उन्हाळे वापरलेला कूलर नि अभ्यासाचं टेबल ऑनलाइन विकायला टाकायचं होतं. खातं उघडायला नंबर हवा होता आणि स्वतःचा नंबर तिला द्यायचा नव्हता. “मैत्रिणीनं सायकल टाकली होती तं तिला रात्री एक-एक वाजता फोन येत होते,” एवढंच ती म्हणाली. काउंटरमागच्या पोरानं स्क्रीनगार्डखालचा बुडबुडा अंगठ्यानं कडेला सारत, मान वर न करताच सांगितलं, “भेटते न ताई. फुकटात भेटते.” मग तिच्याच फोनवर त्यानं एक साइट उघडून दिली. परदेशी नंबरांची लांब यादी होती, ज्यांना ‘व्हर्च्युअल नंबर’ म्हणतात. तिनं त्यातला एक उचलला, कोड आला, खातं उघडलं. इतक्या वेळात स्क्रीनगार्डही पुरतं बसलं नव्हतं.

इथे कुणी कुणाला फसवलं नाही. पोरगा मदतच करत होता, मुलगी सावधच होती. तरी ते डोक्यातून जात नाही. अनोळखी माणसांपासून लांब राहायला म्हणून आलेली मुलगी आपलं खातं अनोळखी माणसांच्या हाती सोपवून गेली, आणि ते तिला कुणी सांगितलं नाही.

अशा साइटचं पान एकदा शांतपणे बघण्यासारखं असतं. वर देशाचा झेंडा आणि नंबर. खाली मेसेजांची रांग, डावीकडे पाठवणाऱ्या कंपनीचं नाव, मधे मजकूर, उजवीकडे ‘काही सेकंदांपूर्वी’. पान आपोआप ताजं होत राहतं आणि रांग खाली सरकत जाते. कुणाचा टॅक्सीचा कोड, कुणाचा गेमचा, कुणाच्या डेटिंग ॲपचा, मधेच एखाद्या वॉलेटचा. प्रत्येक मेसेजात तेच वाक्य असतं, की हा कोड कुणालाही सांगू नका. आणि ते वाक्य त्या क्षणी जगातल्या कुठल्याही माणसाला वाचता येत असतं, लॉगिन न करता, पैसे न देता. आता समजा मुलीचं खातं त्या नंबरवर आहे. उद्या कुणीही तोच नंबर त्या ॲपमध्ये टाकून ‘पासवर्ड विसरलात?’ दाबायचं, त्याच पानावर येऊन बसायचं, सहा आकडे वाचायचे आणि आत शिरायचं. हॅकिंग म्हणावं असंही त्यात काही नाही. शिवाय ज्या नंबरावर आधीच कुणी खातं काढलेलं आहे, त्यावर नवं खातं निघत नाही. कित्येकदा सरळ त्या आधीच्या माणसाचंच खातं समोर उघडतं. म्हणजे आपल्यालाही दुसऱ्याच्या संसारात डोकावायला मिळतं, न मागता.

पण मुलीची मागणी चूक होती असं मला वाटत नाही. नंबर मागण्याची सवय आपल्याकडे इतकी मुरली आहे, की धरमपेठेत शर्ट घ्या, सदरला चष्मा घ्या, औषधाच्या दुकानात गोळ्यांचं पाकीट घ्या, बिलाआधी नंबर विचारतातच. केंद्राच्या ग्राहक व्यवहार मंत्रालयाला मे २०२३ मध्ये किरकोळ विक्रेत्यांना सांगावं लागलं, की नंबर दिल्याशिवाय बिल देणार नाही अशी अट घालू नका. काउंटरवर हे किती जणांना माहीत आहे, हा वेगळा विषय. आणि मोठ्यांचं काय? एप्रिल २०२१ मध्ये फेसबुकच्या सुमारे ५३ कोटी खात्यांची माहिती इंटरनेटवर फुकटात पसरली, त्यात फोन नंबर होते, भारतातले लाखो होते. ट्विटरनं सुरक्षेसाठी म्हणून घेतलेले नंबर आणि ईमेल जाहिरातींसाठी वापरले, म्हणून मे २०२२ मध्ये अमेरिकेत त्या कंपनीला १५ कोटी डॉलर भरायला लागले. सुरक्षेसाठी म्हणून विश्वासानं दिलेला नंबर! त्यानंतर एखाद्या मुलीनं ‘माझा नंबर मी देणार नाही’ असं ठरवलं, तर तिचं काही चुकलं असं कोण म्हणेल? रात्री एकला वाजणाऱ्या फोनची भीती पुरुषांना तितकी कळत नाही. तिची गरज खरी होती, तिला मिळालेला उपाय तेवढा खोटा होता.

आपल्याकडे दुसऱ्याच्या नंबरवर निरोप घेणं काही नवीन नाही. पूर्वी लग्नपत्रिकेवर, दुकानाच्या पाटीवर, नोकरीच्या अर्जावर नंबरापुढे ‘पी.पी.’ लिहिलेलं असायचं. फोन शेजारच्या काकांकडे, ०७१२ च्या मागे सहा-सात आकडे, आणि काकू गॅलरीतून हाक मारणार, “अगं, तुझा फोन!” निकाल लागला, नोकरी लागली, कुणी गेलं, सगळं आधी शेजारच्या घरात पोचायचं आणि मग आपल्याकडे. व्हर्च्युअल नंबर म्हणजे तांत्रिक भाषेत बोललं तरी हेच आहे, फोन दुसऱ्याकडे आणि निरोप आपला. फरक इतकाच, की काकू कोण आहेत, किती ऐकतात, कुणाला सांगतात, हे तेव्हा पक्कं माहीत होतं.

तेव्हा नंबर जोडलेला असायचा घराला. मोबाइल आले तेव्हाही काही काळ नंबरावरून कंपनी कळायची. ९४२२ दिसलं की बीएसएनएल, ९८९० दिसलं की एअरटेल. जानेवारी २०११ पासून देशभर नंबर न बदलता कंपनी बदलता यायला लागली आणि तो संबंध तुटला. नंबर माणसाला चिकटला तो कायमचाच. मग बँक, आधार, गॅस, शाळेचा ग्रुप, कर, सगळं त्या दहा आकड्यांवर येऊन बसलं. ज्या एसेमेसवर हा डोलारा उभा आहे, तो ३ डिसेंबर १९९२ ला पहिल्यांदा पाठवला गेला तेव्हा त्यात नाताळच्या शुभेच्छा होत्या. ओळख पटवण्याचं साधन म्हणून तो घडवलेलाच नव्हता. तांत्रिक मानकं ठरवणाऱ्या अमेरिकेच्या ‘निस्ट’ या सरकारी संस्थेनं २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांत एसेमेसच्या कोडला ‘मर्यादित’ वर्गात टाकलं. वापरा, पण धोका जाणून, आणि लोकांना दुसरा पर्याय द्या, असा त्याचा अर्थ.

आता व्हर्च्युअल नंबर या नावाखाली नेमकं काय काय विकलं जातं ते बघू, कारण सगळं एकाच नावानं खपतं आणि गोंधळ तिथेच होतो.

पहिला प्रकार वर आलाच, फुकट आणि सार्वजनिक. त्यापुढचा, इंटरनेटवरचा नंबर. यात सिम नसतंच. एखादी कंपनी नंबरांचा गठ्ठा घेते आणि त्यावर येणारे कॉल-मेसेज ॲपमध्ये किंवा ईमेलवर पोचवते. बहुतेक वेळा हे अमेरिकेचे, म्हणजे +१ चे असतात, कारण तिथे ते स्वस्त आणि सुटसुटीत मिळतात. गूगल व्हॉइस याच जातीचं, पण ते घ्यायला आधी अमेरिकेतलाच एक नंबर जोडावा लागतो, नागपुरात बसून सरळ मिळत नाही. हा नंबर तुमच्या एकट्याचा असतो, दर महिन्याला किंवा वर्षाला भाडं भरता तोवर. तिसरा प्रकार कोडागणिक पैसे घेणारा. कुठल्या ॲपचा कोड हवा ते निवडायचं, देश निवडायचा, थोडेसे पैसे भरायचे, दहा-वीस मिनिटांसाठी एक नंबर मिळतो. त्या वेळात त्या एकाच ॲपचा कोड दिसतो आणि नंबर हातातून जातो. हे नंबर खऱ्या सिमचे असतात. एकेका पेटीत ३२, ६४, १२८ सिमं खोचलेली असतात आणि सॉफ्टवेअर ती फिरवत राहतं.

ही सिमं येतात कुठून, हे विचारल्याशिवाय या तिसऱ्या वाटेला कुणी जाऊ नये. त्यातली बरीचशी दुसऱ्यांच्या नावांवर, दुसऱ्यांच्या कागदपत्रांवर निघालेली असतात. सायबर सुरक्षेतल्या ट्रेंड मायक्रो या कंपनीनं २०२२ मध्ये त्याहून वाईट प्रकार उघड केला. अशा एका सेवेमागे सिमच्या पेट्या नव्हत्याच, सर्वसामान्य लोकांचे अँड्रॉइड फोन होते. फोनमध्ये शिरलेला प्रोग्राम ठरावीक ॲपच्या कोडाची वाट बघायचा, तेवढाच मेसेज गुपचूप उचलून बाहेर पाठवायचा, आणि फोनच्या मालकाला काही कळायचंच नाही. थोड्या पैशांत मिळालेला ‘खरा’ नंबर एखाद्या अशाच माणसाचा असू शकतो, ज्याच्या नावावर उद्या पोलीस चौकशीला येतील. आपल्याकडे खोटी ओळख दाखवून किंवा फसवून सिम मिळवलं, तर दूरसंचार कायदा, २०२३ प्रमाणे तीन वर्षांपर्यंत कैद, ५० लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. भारतात +९१ चा मोबाइल नंबर कागदपत्रांशिवाय रीतसर मिळत नाही. जो ‘केवायसी नको’ म्हणून विकतोय, त्याच्या मागे कुणाची तरी केवायसी असतेच. कंपन्यांना क्लाउड टेलिफोनीचे, म्हणजे इंटरनेटवरून फोन घेणारे, नंबर मिळतात, पण ते कागदपत्रं देऊन, आणि मुळात ग्राहकांचे फोन घ्यायला. ओटीपीसाठी त्यांच्यावर विसंबू नये.

सगळ्यात जास्त ऐकू येणारी तक्रार म्हणजे, ‘नंबर घेतला, पैसे गेले, कोड काहून येत नाही?’ कारणं ठरलेली आहेत. ॲप तुमचा नंबर घेतं तेव्हा कोड पाठवायच्या आधीच एका माहितीसाठ्यात विचारून घेतं, की हा मोबाइल आहे, लँडलाइन आहे की इंटरनेटवरचा. इंटरनेटवरचा निघाला, की काही ॲप सरळ नकार देतात. काही मात्र ‘कोड पाठवला’ म्हणतात आणि पाठवतच नाहीत, तेव्हा माणूस उगाच वाट बघत बसतो. दुसरं, पाच-सहा आकडी छोट्या नंबरवरून निघालेले मेसेज इंटरनेटवरच्या नंबरांपर्यंत बऱ्याचदा पोचतच नाहीत, मार्गच नसतो. तिसरं, तो नंबर आधी दहा जणांनी वापरून झालेला असतो आणि ॲपनं त्याला काळ्या यादीत टाकलेलं असतं. चौथं, तुम्ही नागपुरातून लॉगिन करताय आणि नंबर इंग्लंडचा, हे ॲपला दिसतं. त्या दिवशी खातं उघडलं तरी आठवड्याभरात ‘ओळख पुन्हा पटवा’ येतं, आणि तेव्हा कोड जातो त्याच, आता हातात नसलेल्या नंबरवर.

आणि एक साधी गोष्ट, जी खऱ्या सिमवालेही करतात. कोड आला नाही की लगेच ‘पुन्हा पाठवा’, मग पुन्हा. बऱ्याच सेवांमध्ये नवा कोड निघाला की जुना बाद होतो. पहिला कोड उशिरा पोचतो, माणूस तोच टाकतो, चूक म्हणून येतं, असं तीन-चारदा झालं की काही तासांसाठी दार बंद. एकदाच मागावा, दोन-तीन मिनिटं थांबावं, आणि एकाहून जास्त मेसेज आले तर सगळ्यात शेवटचा वापरावा. देशाचा कोड निवडून झाल्यावर नंबराआधी पुन्हा शून्य किंवा ९१ लावू नये, त्यानंही अडतं. काही मेसेजांच्या शेवटी अकरा अक्षरांची अर्थहीन दिसणारी ओळ असते, ती असते फोनमधल्या ॲपला कोड आपोआप उचलता यावा म्हणून. सिम त्याच फोनमध्ये नसेल तर ती सोय गेली, आकडे हातानं टाकायचे. भारतात नोंदणी केलेल्या कंपनीचा मेसेज असेल तर २०२५ पासून पाठवणाऱ्याच्या नावाच्या शेवटी एक अक्षर दिसतं. पी म्हणजे जाहिरात, एस म्हणजे सेवा, टी म्हणजे व्यवहार, जी म्हणजे सरकारी. ‘बँकेचा कोड’ म्हणून आलेला मेसेज साध्या दहा आकडी नंबरवरून आला असेल, तर त्यातल्या लिंकला हात लावू नये.

यूपीआयसाठी तर व्हर्च्युअल नंबरचा विचारच सोडावा. तिथे उलटा प्रवास असतो. ॲप तुमच्या फोनमधल्या सिमवरून एक सांकेतिक एसेमेस बाहेर पाठवतं, आणि तो कुठल्या नंबरवरून आला ते बँकेतल्या नंबराशी ताडून बघतं. नुसते मेसेज घेणाऱ्या नंबराला हे जमणं शक्यच नाही. (सिमवर बाहेर जाणाऱ्या एसेमेसचा पॅक नसला की यूपीआयची नोंदणी अडते, ती याचमुळे.) व्हॉट्सॲप, टेलिग्राम यांसारख्या ॲपच्या बाबतीतही वारं त्याच दिशेचं आहे. २८ नोव्हेंबर २०२५ ला दूरसंचार विभागानं अशा ॲपना आदेश दिला, की ज्या सिमवर खातं काढलं ते सिम फोनमध्ये असेल तरच ॲप चालावं, वेबवरचं लॉगिन सहा तासांनी सुटावं, आणि हे ९० दिवसांत करावं. फसवणूक रोखायला हे हवं असं म्हणणारे आहेत, आणि सिम घरी ठेवून परदेशात राहणाऱ्यांचं, एका कॉम्प्युटरवर दिवसभर धंदा करणाऱ्यांचं काय, असं विचारणारेही आहेत. मला दोन्ही बाजू पटतात, आणि म्हणूनच नंबर आणि माणूस यांची गाठ इतकी करकचून आवळली जाताना जरा धास्ती वाटते.

ही गाठ माणसाला वाटते तितकी पक्की नसते.

नंबर बंद पडला की तो दुसऱ्याला मिळतो. आपल्याकडे निदान ९० दिवस तो कुणाला देत नाहीत, त्यानंतर देतात. अमेरिकेतल्या प्रिन्स्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२१ मध्ये असे पुन्हा विक्रीला आलेले २५९ नंबर तपासले. त्यातले १७१ अजूनही कुणाच्या तरी जुन्या ऑनलाइन खात्यांना जोडलेले निघाले. आपल्या इथे बँकांनी आणि यूपीआय ॲपनी असे बंद झालेले किंवा हात बदललेले नंबर नियमितपणे काढून टाकावेत, असा नियम एप्रिल २०२५ पासून आहे. पण शॉपिंगचं, ईमेलचं, फोटो ठेवलेलं खातं कोण काढणार? गडचिरोली, भंडारा, यवतमाळहून शिकायला आलेली पोरं स्वस्तातलं सिम घेतात, पदवी झाली की पुण्याला जातात, तिथे दुसरं घेतात आणि पहिलं रिचार्ज न करता सोडून देतात. चार-सहा महिन्यांनी ते दहा आकडे भलत्याच माणसाच्या खिशात वाजत असतात. भाड्याच्या व्हर्च्युअल नंबरचं तर विचारूच नका, भाडं थकलं की नंबर किती दिवस राखून ठेवतात, हे कंपनीच्या अटींत शोधावं लागतं. तो नंबर दुसरीकडे पोर्ट करून नेता येतो का, हेही पैसे भरण्याआधीच विचारून घ्यावं.

म्हणून नंबर घेताना ‘आज कोड येईल का’ याच्याइतकाच ‘दोन वर्षांनी येईल का, आणि आणखी कुणाला दिसेल’ हा प्रश्न महत्त्वाचा वाटतो. नुसतं एखादं पान वाचायला, एखादं ॲप आतून कसं दिसतं ते बघायला, जिथे नाव, पैसा, फोटो, पत्ता काही नाही, तिथे इंटरनेटवरचा भाड्याचा नंबर चालेल. आपल्या एकट्याचा असेल तरच. जिथे पैसा आहे, ओळखपत्र आहे किंवा माणसं आहेत, तिथे नको.

कूलर विकणाऱ्या मुलीला हवं होतं त्याला साधं उत्तर होतं, स्वतःच्या नावावरचं दुसरं सिम. एका व्यक्तीच्या नावावर नऊपर्यंत जोडण्या चालतात, आणि आजच्या बहुतेक फोनांत दोन सिमांची जागा असते, नसेल तर ई-सिम असतं. दुसऱ्या नंबरवरचे कॉल रात्री बंद करता येतात, तो कुणाच्या फोनबुकात नसतो, काम झालं की जाहिरातीतून काढता येतो, आणि तरी कोड मात्र आपल्याच हातात येतो. डेटाशिवाय, फक्त कॉल आणि एसेमेसचे पॅक द्यायला ट्राय या दूरसंचार नियामकानं डिसेंबर २०२४ मध्ये कंपन्यांना सांगितल्यापासून असं सिम जिवंत ठेवणं थोडं सोपं झालं आहे, वर्षभराचेही मिळतात. ९० दिवस वापर झाला नाही तरी शिल्लक किमान २० रुपये असेल तर नंबर लगेच जात नाही, असा जुना नियम आहे. पण पॅक संपल्यावर काही दिवसांनी येणारे मेसेजही थांबतात, म्हणून त्या वीस रुपयांवर कोडाची भिस्त ठेवू नये. सिम बदललं किंवा ई-सिम केलं, की पहिले २४ तास एसेमेस बंद राहतात. सिम चोरून खाती लुटणाऱ्यांना अडवायला केलेला हा नियम आहे, चांगलाच आहे, पण परीक्षेचा फॉर्म भरायच्या आदल्या दिवशी सिम बदलणाऱ्यानं तो लक्षात ठेवावा. त्याच कारणासाठी सिम बदलल्यावर सात दिवस नंबर पोर्ट करता येत नाही. आपल्या नावावर किती नंबर आहेत ते सरकारच्या ‘संचार साथी’ या साइटवर दिसतं. ओळखीचा नसलेला नंबर तिथूनच ‘माझा नाही’ म्हणून कळवता येतो.

त्याहून बरं म्हणजे, खातं उघडून झालं की कोडाचं काम नंबराकडून काढूनच घ्यायचं. ईमेल, सोशल मीडिया, फोटो यांच्या सुरक्षेच्या सेटिंगमध्ये ‘ऑथेंटिकेटर ॲप’ नावाची सोय असते. ती निवडली की पडद्यावर एक क्यूआर चौकोन येतो, तो फोनमधल्या ऑथेंटिकेटरनं टिपायचा, त्यात उमटलेले सहा आकडे परत टाकायचे, संपलं. हे आकडे दर ३० सेकंदांनी बदलतात. फोनमध्ये साठवलेली गुप्त किल्ली आणि घड्याळातली वेळ यांच्यावरून ते फोनमध्येच तयार होतात. नेटवर्क लागत नाही, सिम लागत नाही, मधे कुणी मेसेज वाचायला नसतो. ही पद्धत २०११ पासून सर्वांसाठी खुली प्रमाणित झालेली आहे. अडतं ते दोनच ठिकाणी. फोनचं घड्याळ हातानं लावलेलं असेल आणि मिनिटभर पुढे-मागे असेल, तर कोड चुकतो, म्हणून वेळ ‘आपोआप’वर ठेवायची. आणि फोन हरवला तर आकडेही गेले, म्हणून त्याच वेळी मिळणारे बॅकअप कोड उतरवून ठेवायचे. गूगल असे दहा कोड देतं, प्रत्येक आठ आकडी, प्रत्येक एकदाच चालणारा. ते कागदावर लिहून कपाटात, जिथे घराची कागदपत्रं असतात तिथे. त्या क्यूआरचा स्क्रीनशॉट गॅलरीत ठेवू नये, ज्याच्याकडे तो चौकोन आहे त्याच्याकडे सगळे पुढचे कोड आहेत. पासकीची, म्हणजे पासवर्डऐवजी बोटाच्या ठशानं किंवा फोनच्या लॉकनं आत जायची, सोय असेल तर तीही घ्यावी, तिथे टाकायला आकडेच नसतात, त्यामुळे कुणी फोनवर गोड बोलून ते काढून घेण्याचाही प्रश्न नाही.

व्हॉट्सॲपमध्ये नंबर टाळता येत नाही, तिथे ‘टू-स्टेप व्हेरिफिकेशन’चा सहा आकडी पिन लावावा आणि सोबत ईमेल द्यावा. ईमेल नसेल आणि पिन विसरला, तर सात दिवस बाहेर बसावं लागतं. हा पिन असला की नुसता एसेमेस हाती लागून कुणाला खातं उचलता येत नाही. टेलिग्राममध्ये याच कामाचा पासवर्ड असतो. सिग्नलमध्ये २०२४ पासून नंबर न दाखवता नुसतं युजरनेम देता येतं. आणि फोनच्या सेटिंगमधला सिमचा पिन, जो जवळपास कुणीच लावत नाही, तो लावला तर चोरलेल्या फोनातलं सिम दुसऱ्या फोनात टाकून कोड वाचता येत नाहीत. तो बदलताना तीनदा चुकला की सिम अडतं आणि ते उघडणारा पीयूके कोड मागतं, म्हणून घाईत करायचं काम नाही हे.

नागपुरातल्या कितीतरी घरांत आणखी एक उसना नंबर असतो, त्याला कुणी व्हर्च्युअल म्हणत नाही. बाबा त्रिमूर्तीनगरला किंवा मानेवाड्याला, आणि त्यांच्या पेन्शनच्या खात्याला, गॅसला, आधारला नंबर मुलाचा, जो हैदराबादला किंवा पुण्याला. फॉर्म भरताना त्याचाच सोपा वाटला. बँकेत उभं राहून बाबा फोन लावतात, मुलगा मीटिंगमध्ये, कोडाची मुदत टळते, मागे रांग खोळंबते. शेवटी फोन लागतो आणि मुलगा सहा आकडे मोठ्यानं सांगतो, बाबा ते काउंटरपाशी मोठ्यानं परत म्हणतात. यात बाबांना लाज वाटते, मुलाला अपराधी वाटतं, आणि फोनवर कोड सांगण्याची सवय मात्र घरातल्या सगळ्यांना लागून जाते. उद्या बँकेच्या नावानं कुणी कोड मागितला, तर तो फोनवर सांगणं बाबांना वावगं वाटणारच नाही. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करावा. पण त्याआधी करायचं काम असं, की बाबांच्या नावाचं सिम घ्यावं, वर्षाचा पॅक टाकावा आणि बँकेत स्वतः जाऊन नंबर बदलण्याचा अर्ज द्यावा. बँकेत बदलला म्हणून आधारमध्ये बदलत नाही, गॅसला बदलत नाही, प्रत्येकाचं वेगळं करावं लागतं. मुलाच्या फोनवर त्यानंतरही तीन-चार महिने बाबांचे मेसेज येत राहतील. कुठून येतात ते त्यानं एका वहीत लिहीत जावं, विमा, विजेचं बिल, एखादं जुनं म्युच्युअल फंडाचं खातं, आणि पुढच्या वेळी नागपूरला आला की ती यादी घेऊन बाबांच्या शेजारी बसून एकेक बदलून टाकावं.